दिसलं, ऐकलं, वाटलं

१९५९ साली नेपाळात हिममानव शोधायला जायचं असेल तर सरकारकडे ५००० भारतीय रुपये भरून परवाना काढावा लागे. हिममानव सापडलाच तर त्याचा फोटो काढायला किंवा त्याला जिवंत पकडायला मुभा होती, पण स्वतःच्या जिवावर बेतल्याशिवाय त्याच्यावर गोळी झाडायची नाही. काढलेले सगळे फोटो, आणि प्राणी हाती लागला तर तो जिवंत असो वा मेलेला, सरकारच्या ताब्यात द्यायचा. तो खरंच आहे असं सांगणारी बातमी आधी सरकारला कळवायची, परवानगीशिवाय वर्तमानपत्रांना द्यायची नाही. काठमांडूतल्या अमेरिकन वकिलातीने त्या वर्षी नोव्हेंबरात काढलेल्या एका पत्रकात हे नियम नोंदवलेले आहेत.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याला हे नियम तोंडपाठ होते. जेवताना तो ते म्हणून दाखवायचा. त्याला सगळ्यात जास्त आवडायचा तो न मारण्याचा नियम. जो प्राणी कुणी धड पाहिलेला नाही, त्याचा जीव वाचवण्यासाठी एका सरकारने आधीच नियम करून ठेवला, ही गोष्ट त्याला फार मोठी वाटायची. मला ती आजही मोठी वाटते.

आम्ही तिघं. ताई तेव्हा सतरा वर्षांची, मी मधली, आणि हा शेंडेफळ. बाबांना डोंगरांचं वेड होतंच. एव्हरेस्टच्या पायथ्याशी असलेल्या खुंबूच्या खोऱ्यात एकदा सगळ्यांनी जायचं हे घरात बरीच वर्षं चाललं होतं. धाकट्याने त्या बेताला कारण दिलं. तो म्हणाला, नुसतं फिरायला जायचं नाही, मोहीम काढायची. मोहीम म्हटलं की वही आली आणि वही आली की ताई आली. तिने एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत तीन रकाने आखले: दिसलं, ऐकलं, वाटलं. नियम एकच. जे ज्या रकान्यातलं आहे ते त्याच रकान्यात लिहायचं. लिहिणारा कुणीही असो, बाकीच्या दोघांनी मान्य केल्याशिवाय ‘दिसलं’मध्ये काही जायचं नाही.

आईने विचारलं, “आणि आम्ही?”

“तुम्ही दोघं साक्षीदार,” ताई म्हणाली.

पुढे हिममानवाबद्दल मी जे जे वाचलं, ते वाचताना हे तीन रकाने मनात आपोआप उघडत गेले. जवळजवळ दोनशे वर्षांचा हा सगळा इतिहास त्यात जसाच्या तसा बसतो. १८३२ मध्ये नेपाळातले ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसन यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, की आपल्या शिकाऱ्यांना दोन पायांवर चालणारा, लांब काळ्या केसांचा, शेपूट नसलेला प्राणी दिसला आणि ते घाबरून पळाले. शिकाऱ्यांच्या दृष्टीने हे ‘दिसलं’. हॉजसनच्या दृष्टीने ‘ऐकलं’. तो ओरांगउटान असावा, हा त्यांचा तर्क म्हणजे ‘वाटलं’. १९२१ मध्ये एव्हरेस्टची पाहणी करायला गेलेल्या चार्ल्स हॉवर्ड-बरी यांना ल्हाक्पा ला या खिंडीच्या वाटेवर बर्फात ठसे दिसले. बरोबरच्या हमालांनी ते रानमाणसाचे म्हणून लगेच ओळखले. हॉवर्ड-बरींना स्वतःला मात्र ते झेपा टाकत गेलेल्या मोठ्या राखाडी लांडग्याचे वाटले. ठसा तोच आणि बघणारी माणसंही एकाच दोराला बांधलेली, पण प्रत्येकाचा रकाना वेगळा. वर्तमानपत्रांनी त्यातला हमालांचा रकाना उचलला आणि जगभर पसरवला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लुक्लाला उतरलो. २८६० मीटर उंचीवरची ती उतरती धावपट्टी, तिच्या टोकाशी उभा कडा, हे सगळं धाकट्याने विमानाच्या खिडकीला नाक लावून बघितलं, पण त्याच्या हिशेबी मोहीम अजून सुरू झालेली नव्हती. ‘बर्फाच्या रेषेच्या वर गेल्याशिवाय वही उघडायची नाही’ हा त्याचा स्वतःचा नियम. पहिले दिवस दूधकोशी नदीच्या काठाने गेले. पाइनची झाडं, दगडांत कोरलेल्या मंत्रांच्या भिंती, ज्यांना आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, आणि झुलत्या पुलांवर समोरून येणारी सामान लादलेली जोप्क्योंची, म्हणजे याक आणि गाईच्या संकरातल्या जनावरांची, रांग. नामचे ३४४० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे बाबांनी निघण्याआधीच बजावलं होतं. लहान मूल बरोबर असताना उंचीशी घाई करायची नसते. डोकं दुखलं, भूक गेली, झोप उडाली, की थांबायचं किंवा उतरायचं, आणि मुलाने ‘मी बरा आहे’ म्हटलं तरी त्याच्या ताटाकडे बघायचं. आई रोज रात्री तेच करायची. धाकट्याने किती खाल्लं त्यावर दुसऱ्या दिवसाची चाल ठरायची.

आमच्याबरोबर एक शेर्पा वाटाड्या होता. आम्ही त्याला दाइ म्हणायचो आणि तो आम्हा दोघींना बहिनी, धाकट्याला भाइ. हिंदी चांगलं बोलायचा. धाकट्याने पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, तुम्ही पाहिलाय का? दाइ म्हणाला, मी नाही, माझ्या आजोबांनी आवाज ऐकला होता. त्याने उगाच रंगवून सांगितलं नाही आणि हसण्यावारीही नेलं नाही. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाने दिलेलं इतकं सरळ उत्तर मी फार कमी वेळा ऐकलंय. बर्फाची रेषा अजून लांब होती, तरी धाकट्याने ताईला वही काढायला लावली. ‘ऐकलं’ रकान्यातली ती पहिली नोंद.

गोष्टी मात्र खुमजुंगला मिळाल्या. गाव नामचेच्या वर, ३७९० मीटरवर, हिरव्या पत्र्यांच्या घरांचं. आम्ही उतरलो होतो त्या घरातली म्हातारी संध्याकाळी मधल्या शेगडीत याकच्या शेणाच्या वाळक्या चकत्या टाकायची आणि सगळे त्या शेगडीभोवती बसायचे. ती शेर्पा भाषेत सांगायची, दाइ हिंदीत आणि ताई ते धाकट्याच्या कानात मराठीत. यती, म्हणजे हिममानव, मागे लागला तर चढावर पळायचं नाही, उतारावर पळायचं, म्हणजे त्याचे केस त्याच्या डोळ्यांवर येतात. ही पहिली शिकवण. खुंबूतल्या मुलांना ती आधीच माहीत असते.

दुसरी गोष्ट लांबलचक होती. फार पूर्वी यती इतके माजले होते, की शेतातला बटाटा आणि गोठ्यातली जनावरं काही टिकेना. त्यांची एक खोड गावकऱ्यांनी हेरली होती. माणसं दिवसा जे करतात ते लपून बघायचं आणि रात्री तसंच करायचं. मग गावकऱ्यांनी एक दिवस डोंगरावर जमून छांग, म्हणजे धान्याची घरगुती दारू, प्यायल्याचं सोंग केलं, मडक्यांत पाणी होतं. लाकडी तलवारी काढून एकमेकांवर तुटून पडल्याचंही सोंग केलं. संध्याकाळी घरी जाताना तिथे खरी छांग आणि खऱ्या तलवारी ठेवून गेले. रात्री यती आले, प्यायले, लढले. सकाळी सगळे मरून पडलेले होते. एक गाभण मादी तेवढी गुहेत लपून वाचली.

म्हातारी थांबली. शेगडीत काहीतरी तडतडलं. धाकटा बराच वेळ गप्प बसला आणि मग ताईला म्हणाला, “त्यांना कळलं नाही गं, ते खोटं होतं.”

ही गोष्ट मी त्यानंतर अनेकांना सांगितली. मोठी माणसं गावकऱ्यांच्या चतुराईला दाद देतात. धाकट्याला पहिल्यांदा आठवले ते नक्कल करणारे. घरात जो सगळ्यात लहान असतो त्याचं आयुष्यच दुसऱ्यांचं बघून तसंच करण्यात जातं. ताई केस बांधते म्हणून मी बांधायचे, मी झाडावर चढते म्हणून तो चढायचा. पुढचा जे करतोय ते खरंच करतोय, यावर मागच्याचा पूर्ण भरवसा असतो. त्या रात्री ताईच्या तोंडावर मी काहीतरी बदललेलं बघितलं. पुढे तिने जे केलं, त्याचं मूळ माझ्या मते त्या वाक्यात आहे.

खुमजुंगच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, यतीची कवटी म्हणून जी वस्तू जपून ठेवली आहे, ती दुसऱ्या दिवशी बघितली. तिथल्या रखवालदाराने लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं. आत काचेची पेटी, आणि पेटीत डोक्याची टाळू असावी तशी एक निमुळती, उंच वस्तू. केस तांबूस तपकिरी आणि राठ. मधोमध पुढून मागे केसांचा उभा तुरा. कडेला कातडं कडक, काळपट झालेलं. आम्ही तिघं काचेला इतके चिकटलो होतो, की आमच्या श्वासाने काच धुरकटली आणि धाकट्याने ती बाहीने पुसली.

या वस्तूने जग पाहिलंय. १९६० मध्ये एडमंड हिलरी हिममानवाच्या शोधाची मोठी मोहीम घेऊन खुंबूत आले. बरोबर शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाचे मार्लिन पर्किन्स होते. त्यांनी गावाकडे ही टाळू तपासणीसाठी मागितली. गावाने ती दिली, पण एकटी नाही. गावातले एक वजनदार गृहस्थ, खुंजो चुंबी, तिची राखण करायला बरोबर गेले. शिकागो, पॅरिस, लंडन असा प्रवास झाला. शास्त्रज्ञांनी निर्वाळा दिला, की हे सेरोच्या कातड्यापासून घडवलेलं आहे. सेरो म्हणजे बोकड आणि हरणाच्या मधला वाटावा असा, मानेवर आयाळ असलेला डोंगरी प्राणी, नेपाळीत थार. कातडं ओलं असताना साच्यावर ताणून वाळवलं की असा आकार येतो. मोहिमेतल्या लोकांनी तशा प्रतिकृती करूनही बघितल्या. ठरल्याप्रमाणे टाळू गावाला परत मिळाली. आणि १९६१ मध्ये हिलरींनी याच गावात शाळा बांधली, खुंबूत त्यांनी बांधलेली पहिली. आम्ही गेलो तेव्हा मधली सुट्टी होती आणि मुलं भिंतीच्या आडोशाला उन्हात बसून डबे खात होती. हिममानवाचा शोध घ्यायला आलेल्या माणसाच्या हातून या गावाला शाळा मिळाली. त्या शोधाची याहून मोठी मिळकत मला माहीत नाही.

“सेरोचं कातडं आहे,” ताई गोम्पाच्या पायऱ्यांवर वही उघडत म्हणाली. “कुठे लिहायचं?”

धाकट्याने विचार केला. “टाळू दिसली हे ‘दिसलं’मध्ये. सेरो हे ‘ऐकलं’मध्ये. आपण तपासलं नाही ना.”

ताईने तसंच लिहिलं. माझ्या जिभेवर आलं होतं, की शास्त्रज्ञांनी तपासलंय, मग आता वाद कसला. ताईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी गप्प बसले.

खुमजुंगहून मोंग लाची खिंड, तिथून फोर्त्से तेंगाला उतार, मग दोले आणि माछेर्मो. हा गोक्योच्या खोऱ्याचा रस्ता. माछेर्मो ४४७० मीटरवर आहे. धाकट्याला तिथेच जायचं होतं, कारण १९७४ मध्ये याच माछेर्मोत याक राखणाऱ्या एका शेर्पा मुलीवर यतीने हल्ला केल्याची आणि तिचे याक मारल्याची बातमी जगभर गेली होती. झाडं दोलेच्या आसपासच संपतात. पुढे नुसतं पिवळं गवत, दगडी कुंपणं आणि समोर पांढरे डोंगर. आम्ही पोचलो त्या रात्री भुरभुर बर्फ पडलं. सकाळी ऊन लख्ख. बाबा आणि दाइबरोबर आम्ही गावामागच्या सोंडेवर चढलो, आई खाली राहिली. दुपारी उतरताना आम्ही सकाळच्या वाटेच्या थोडं वरून आलो, आणि तिथे ठसे होते.

ठसे एका ओळीत होते. उतारावर आडवे, लांबट, एकामागे एक, सरळ रेषेत गेलेले. पुढच्या टोकाला बोटांसारख्या खाचा. धाकट्याने हाक मारली नाही. नुसता ताईच्या जॅकेटची बाही धरून उभा राहिला. त्याचा हात थरथरत होता, ते मला दिसत होतं.

ताई खाली बसली. शिवणाची टेप तिने लुक्लापासून खिशात ठेवली होती, ती काढली. “लांबी सव्वीस सेंटीमीटर,” ती म्हणाली, “रुंदी बारा. लिही.” मी लिहिलं. ‘दिसलं’मध्ये. मग पुढचा ठसा, मग त्याच्या पुढचा. दोन ठशांमधलं अंतर. उतार कुठल्या दिशेचा, ऊन कधीपासून असेल, सगळं. तिने एकदाही सांगितलं नाही की हे काय आहे. आणि तिला माहीत होतं. निघण्याआधी तिने पर्किन्सबद्दल वाचलेलं होतं, ते मला नंतर कळलं.

“हे कुठून आले ते बघूया का?” एवढंच ती म्हणाली.

धाकटा ठशांच्या बाजूबाजूने, त्यांवर पाय न देता, मागे मागे जाऊ लागला. उतार जिथे वळतो तिथे घराएवढा एक दगड होता आणि त्याच्या मागे अजून सावली होती. तो दगडामागे दिसेनासा झाला आणि तिथून ओरडला, “ताई! इथे लहान झालेत!”

सावलीतल्या बर्फात तेच ठसे होते, पण वेगळे. चार बोटं, मागे गादी, पाच सेंटीमीटरचे, इतके स्वच्छ की नखांची टोकं मोजता यावीत. पुढच्या पायाचा ठसा आणि त्याला जवळजवळ चिकटून मागच्या पायाचा. दाइने वाकून बघितलं आणि म्हणाला, कोल्हा. दगडाच्या सावलीची कड जिथे संपत होती, नेमकी तिथे ती जोडी एकमेकींत मिसळायला लागली होती. उन्हात आणखी दोन हात पुढे गेलं की दोन ठशांचा मिळून एक झालेला. तव्यावर सोडलेलं पीठ पसरावं तसे ते पसरले होते आणि कडा वितळून जिथे आत आल्या, तिथे बोटं उमटल्यासारखी दिसत होती. १९६० मध्ये पर्किन्सनी नेमकं हे दाखवून दिलं होतं: उन्हातले राक्षसी ठसे मागे सावलीपर्यंत न्या, तिथे लहान जनावर सापडतं.

मला वाटलं, हा आता रडेल. तो त्या सावलीच्या कडेवर उकिडवा बसून राहिला, एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत. मग त्याने विचारलं, “शिप्टनच्या ठशांवर ऊन पडलं होतं का?”

या प्रश्नाने मी आजही चकित होते. एरिक शिप्टन, मायकेल वॉर्ड आणि सेन तेनसिंग शेर्पा हे तिघं १९५१ च्या नोव्हेंबरात मेनलुंग हिमनदीवर होते. तिथे काढलेला ठशाचा फोटो, मोजमापाला शेजारी आइस अ‍ॅक्स ठेवलेला, हा हिममानवाच्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात वजनदार पुरावा. साधारण तेरा इंचांचा ठसा, अंगठा ठसठशीत वेगळा, कडा अजून तीक्ष्ण. अनेक जाणत्या माणसांचं त्यावर आजवर एकमत झालेलं नाही. कोल्ह्याच्या ठशाने त्याचा निकाल लागत नाही आणि ते धाकट्याला त्या क्षणी बरोबर कळलं होतं. त्याचा हिममानव त्याने टाकून दिला नव्हता. पुढच्या ठशाला काय विचारायचं ते मात्र आता त्याला माहीत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः प्रयोग केला. एक मूठ सावलीत, एक उन्हात, बर्फात दाबून उमटवली आणि तासातासाने टेप लावली. मी आकडे लिहीत होते. उन्हातली मूठ जेवणाच्या वेळेपर्यंत दीडपट झाली.

मोठ्या भावंडाच्या हातात एक सत्ता असते, तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आईबाबा काही सांगतात तेव्हा मूल त्यातलं निम्मं शिस्त म्हणून ऐकतं. ताईने किंवा दादाने सांगितलं की ते जग कसं आहे म्हणून ऐकतं. ‘असं काही नसतं रे’ हे चार शब्द ताईने नामचेत, खुमजुंगात, कुठेही टाकले असते तरी तो वाद न घालता मान्य करून मोकळा झाला असता. सगळी मोहीम तिथेच संपली असती आणि पुढचे डोंगर त्याच्यासाठी नुसते डोंगर उरले असते. ताईने त्याला पुढे पळू दिलं. त्या दगडामागे पहिला पोचला तो धाकटा, आणि शोध त्याचा झाला. माझ्या बहिणीने आजवर केलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सगळ्यात सुंदर वाटते, आणि तिला मी हे सांगितलेलंही आहे.

परतीला फोर्त्सेहून पांगबोचेला गेलो. ती वाट कड्याच्या अंगाने जाते आणि तिच्यावर झारलांचे, म्हणजे हिमालयातल्या रानबोकडांचे, कळप अगदी जवळून दिसतात. पांगबोचेच्या गोम्पात यतीचा म्हणून एक वाळका हात होता. तो नव्वदच्या दशकात चोरीला गेला. २०११ मध्ये न्यूझीलंडचे वैमानिक माइक ऑल्सॉप यांनी त्याची हुबेहूब प्रतिकृती करवून आणून दिली. आम्ही बघितली ती प्रतिकृती. धाकट्याला त्यामागची गोष्ट सांगितली ती बाबांनी, आणि ती दोन भावांची गोष्ट आहे.

टेक्ससचे धनाढ्य तेलउद्योजक टॉम स्लिक यांनी १९५७ पासून हिममानवाच्या शोधासाठी मोहिमा काढल्या. त्यात पीटर आणि ब्रायन बर्न हे सख्खे भाऊ होते. बाकीचे परतल्यावरही हे दोघं डोंगरात राहिले. १९५९ मध्ये पीटर बर्न यांनी पांगबोचेच्या त्या हाताचं एक बोट मिळवलं आणि त्या जागी दुसरं मानवी बोट बसवून दिलं. मिळवलेलं बोट भारतातून लंडनला गेलं ते हॉलिवूडचे अभिनेते जेम्स स्टुअर्ट आणि त्यांच्या पत्नीच्या सामानातून. अर्ध्या शतकानंतर, २०११ मध्ये, एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा डीएनए तपासला. बोट माणसाचं निघालं.

धाकटा संतापला. माणसाचं निघालं म्हणून नाही. “दुसऱ्याच्या देवळातलं बोट काढून न्यायचं?” तो म्हणाला. “नियमांत नव्हतं असं.” खरंच नव्हतं. १९५९ च्या त्या नियमांत न पाहिलेल्या प्राण्याला संरक्षण होतं, गोम्पातल्या हाताला नव्हतं. मला त्या दोन भावांचं आकर्षण वाटतं. सगळे गेल्यावर थंडीत दोघांनीच मागे राहायचं, रोज सकाळी तोच उतार दुर्बिणीतून बघायचा, याला एकमेकांवर किती भरवसा लागत असेल ते मला कळतं. पण त्या बोटाच्या बाबतीत मी धाकट्याच्या बाजूने आहे. एखादं गाव जे पिढ्यान्‌पिढ्या जपतं, ते बघायला मागावं, हिलरींसारखं मागावं, गावाचा माणूस बरोबर घेऊन जावं आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे परत आणावं.

त्यानंतर बरंच काही कळलं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बफलो विद्यापीठाच्या शार्लट लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले: हाडं, दात, कातडं, केस, विष्ठा. आठ अस्वलांचे निघाले आणि एक दात कुत्र्याचा. ‘यती म्हणजे अस्वल’ अशा मथळ्यांनी विषय बंद झाला. त्याच अभ्यासात एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. हिमालयातलं तपकिरी अस्वल इतर सगळ्या तपकिरी अस्वलांपासून सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी, हिमयुगात वेगळं पडलं. जगातल्या तपकिरी अस्वलांच्या कुळातली ही फार जुनी शाखा, आणि आज ही अस्वलं अगदी थोडी उरली आहेत. यतीच्या नावाने राखलेल्या केसांनी आणि हाडांनी हे कळायला मदत केली. धाकट्याने तो अभ्यास मला रात्री उशिरा पाठवला, खाली एकच ओळ लिहून: ‘म्हणजे ऐकलेलं खोटं नव्हतं.’ मी ती ओळ बराच वेळ बघत बसले. दाइच्या आजोबांनी अंधारात काहीतरी खरंच ऐकलं असेल. हॉजसनचे शिकारी कशाला तरी भ्यालेच असतील. त्या खोऱ्यांत एक मोठं, केसाळ, क्वचित दिसणारं, कधी दोन पायांवर उभं राहणारं जनावर आहे, आणि तिथल्या माणसांना ते माहीत होतं.

मग २०१९ चा एप्रिल. भारतीय सैन्याच्या गिर्यारोहक तुकडीला नेपाळातल्या मकालू शिखराच्या तळछावणीजवळ ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद ठसे दिसल्याचे फोटो सैन्याने ट्विटरवर टाकले. माझा फोन दिवसभर वाजत होता. लोकांना चेष्टा करायची होती. धाकट्याचा आला तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, “एका ओळीत आहेत, बघितलंस?” अस्वल चालताना मागचा पाय पुष्कळदा पुढच्याच्या ठशावर टाकतं. मग दोन्ही मिळून एक लांबच लांब पाऊल तयार होतं, त्याला टाच असते, बोटं असतात. बर्फ पुरेसं खोल असेल तर सगळ्या खुणा एका चरात येतात. फोटो कुठल्या वेळी काढले, उतार कुठला, हे त्याला हवं होतं आणि बातमीत ते नव्हतं. ताई तोपर्यंत तिसऱ्या फोनवर होती. तिनेही तेच विचारलं. नेपाळच्या सैन्यानेही ते अस्वलाचे असावेत असं सांगितलं.

आता मकालूला जायचं ठरतंय. गोक्योसारखी तिथे सोय नाही, वाट एकाकी आहे, तुमलिंगतारला उतरून नुम, सेदुवा, ताशीगाव असं चढत जायचं. मग शिप्टन ला ही खिंड ओलांडायची, त्याच शिप्टनच्या नावाची, आणि बरुणच्या खोऱ्यात उतरायचं. आईबाबा ताशीगावपर्यंत येणार म्हणतात. पेच महिन्याचा आहे. ताईला ऑक्टोबर हवाय, कारण तेव्हा हवा स्वच्छ असते आणि तिच्या मुलीला सुट्टी असते. मुलगी आठ वर्षांची आहे आणि यती उतारावर पळू शकत नाही हे तिला कुणीतरी सांगून ठेवलंय. धाकट्याला एप्रिल हवा, कारण अस्वलं तोपर्यंत थंडीच्या झोपेतून उठून बाहेर पडलेली असतात आणि वरच्या उतारांवर ठसे उमटण्याइतकं बर्फही असतं. मी एप्रिलच्या बाजूने आहे. ताईची मुलगीही.